गोलपोस्टमधली एकच जागा

कोल्हापूर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू आईला फोनवर जे बोललास ते तिनं मला सकाळी सांगितलं. फुटबॉल अकॅडमीत तू दोन नंबरचा कीपर आहेस, सीझन अर्धा सरला तरी एकही मॅच पूर्ण मिळालेली नाही, आणि आता तू विचारतोयस की फॉरवर्डला खेळून बघू का, का सरळ घरी येऊन कॉलेज धरू. हे फोनवर बोलायला गेलो असतो तर तू "हां, हां, बरं" म्हणाला असतास आणि तेवढ्यात तुमचे फोन जमा करायची वेळ झाली असती. म्हणून लिहितोय. निवांत वाच. ठरवायचं तुलाच आहे, पण त्याआधी मला जे माहीत आहे ते तुझ्यापर्यंत पोचलं पाहिजे.

आधी जागेचं बोलू. तू जी जागा निवडलीस ती संघात एकच असते. तुझ्या खोलीतला तो विंगर पहिल्या अकरात नसला तरी साठाव्या मिनिटाला उतरतो. कुणाचा पाय मुरगळला की कोच त्याला बॅकला टाकून बघतो. कीपरच्या वाट्याला यातलं काही येत नाही. मोठ्या स्पर्धेला २३ जणांचा संघ गेला तर त्यात तीन कीपर असतात, आणि बहुतेक वेळा त्यातले दोघं एक मिनिटही न खेळता माघारी येतात. आपल्या इथं शाहू स्टेडियमवर दुसरा कीपर कंटाळला तर पुढच्या सीझनला दुसऱ्या पेठेतल्या तालमीच्या संघाकडून नाव नोंदवतो आणि प्रश्न मिटतो. देशाच्या संघाला दुसरी पेठ नसते. तेव्हा तुझ्यावर कुणाचा राग आहे, तुझ्यात काहीतरी कमी दिसलंय, असं लगेच मनात धरू नकोस. या जागेचा हिशेबच असा आहे, आणि ज्यांनी देशासाठी हातमोजे घातले त्या प्रत्येकाला तो चुकता करावा लागला आहे.

तुझ्या कपाटाच्या दारावर गुरप्रीतसिंग संधूचा फोटो अजून आहे. आईनं कपाट पुसलं तरी तो काढलेला नाही. तू त्याच्या सेव्ह मोबाईलवर पुन्हा पुन्हा बघायचास. मी गेले काही दिवस त्याच्या करिअरच्या तारखा एकापुढे एक लावून बघत बसलोय, आणि त्या तारखांमधल्या मोकळ्या जागा मला त्या सेव्हपेक्षा जास्त मोलाच्या वाटायला लागल्या आहेत.

जानेवारी २०११ पासून सुरू करतो. भारत २७ वर्षांनी आशियाई चषकाला पात्र ठरला होता. स्पर्धा कतारमध्ये, दोहात. गोलमध्ये सुब्रत पाल. ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहारीनकडून २-५, दक्षिण कोरियाकडून १-४. तीन मॅचमध्ये १३ गोल खाल्ले, तरी स्पर्धा संपल्यावर नाव झालं ते सुब्रतचंच, कारण त्यानं अडवलेले बॉल मोजले असते तर खाल्लेल्या गोलांपेक्षा कितीतरी जास्त भरले असते. त्या संघात तिसरा कीपर म्हणून एक उंच पंजाबी मुलगा होता, अजून एकोणीसही पूर्ण न झालेला. तो गुरप्रीत. त्याला एक मिनिटही मिळालं नाही. वॉर्मअपला सुब्रतकडे बॉल मारायचे, मग बाकावर बसून बघायचं. तुला आज जे काम आहे तेच.

त्या दिवसांत तो ईस्ट बंगालचा होता. २००९ साली तिथं गेला, पण तिथंही पुढं दुसरे होतेच, म्हणून मधे एक सीझन महासंघाच्या तरुण मुलांच्या संघाकडून खेळून आला. कोलकात्यात हळूहळू जम बसला. ईस्ट बंगालचा कीपर म्हणजे काय हे तुला सांगायला नको. मोहन बागानविरुद्धच्या डर्बीला सॉल्ट लेक स्टेडियम भरतं तेव्हा आपलं शाहू स्टेडियम त्याच्या एका कोपऱ्यात मावेल. अशी जागा हातात आलेली असताना ऑगस्ट २०१४ मध्ये, २२ वर्षांचा असताना, तो नॉर्वेला स्टाबेक या क्लबकडे गेला. ऑस्लोच्या शेजारचा छोटा क्लब. कोच होते बॉब ब्रॅडली, अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचे आधीचे कोच. गोलमध्ये पक्का बसलेला होता आयव्हरी कोस्टचा सायुबा मांडे.

आता पुढचं नीट वाच. गुरप्रीत नॉर्वेच्या लीगमधली पहिली मॅच खेळला २९ मे २०१६ रोजी. गेला ऑगस्ट २०१४ ला. म्हणजे २१ महिने. मधे कपच्या मॅच मिळाल्या, मैत्रीपूर्ण मॅच मिळाल्या, भारतासाठी वर्ल्ड कप पात्रतेत तो उतरत होता. पण ज्या लीगसाठी घर सोडून गेला ती लीग त्यानं पावणेदोन वर्षं बाकावरून बघितली. हिवाळ्यात तिथं दुपारीच अंधार पडतो, बर्फ असतं, जेवण आपलं नाही, भाषा आपली नाही. मग एका दिवशी नाव पुकारलं गेलं. प्रतिस्पर्धी आयके स्टार्ट. स्टाबेक ५-० नं जिंकलं आणि त्यानं गोल खाल्ला नाही. युरोपातल्या एखाद्या देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळणारा पहिला भारतीय, असं दुसऱ्या दिवशी आपल्याकडच्या पेपरांत आलं. महिनाभरानं, ३० जूनला, युरोपा लीगच्या पात्रता फेरीत वेल्सच्या एका क्लबविरुद्ध तो उतरला. तोही भारतीयांमध्ये पहिलाच. आणि त्याच मॅचला पहिल्या हाफमध्येच दुखापत होऊन त्याला बाहेर यावं लागलं.

हे २१ महिने सोसले म्हणून तो मोठा झाला, तूही सोस, असं तुला सांगायचं नाही. नुसतं बसून कुणी मोठं होत नाही. बाकावर बसून गंजलेलीही कितीतरी पोरं असतात, त्यांचे फोटो कुणी कपाटाला लावत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. नॉर्वेत त्याला मॅच नव्हती, पण रोज सकाळी कीपरचा वेगळा कोच होता, मांडेसारखा कीपर शेजारी होता, आणि भारतात त्यावेळी न मिळणारं शिक्षण होतं. ज्या गोष्टीसाठी तो गेला होता ती त्याला रोज मिळत होती, फक्त ती लोकांना दिसत नव्हती. भारतासाठी उतरला की मग दिसायची.

म्हणून तू स्वतःला "मला मॅच मिळतेय का" हा प्रश्न विचारू नकोस. "मला रोज कुणी शिकवतंय का" हा विचार. कीपर कोच तुझ्याकडे बघतो का? बॉल सुटण्याच्या क्षणी तुझे दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले आहेत का, टाच उचलली आहे का, हे कुणी थांबवून सांगतं का? मागच्या दिवाळीत आलास तेव्हा मी मैदानावर बघितलं, डावीकडे खाली आलेल्या बॉलला तुझा उजवा पाय आधी मागे जातो आणि मग तू पडतोस. तेवढ्या वेळात बॉल आत जातो. हे त्यांना दिसलंय का? त्यावर काम चाललंय का? क्रॉसला, म्हणजे बाजूनं गोलपुढं आलेल्या बॉलला, बाहेर कधी यायचं आणि कधी लाइनवर थांबायचं, मागून आलेला पास डाव्या पायानं कसा काढायचा, हे कुणी घोटून घेतंय का? का तुला फक्त बाकीच्यांच्या शूटिंग प्रॅक्टिससाठी उभं करतात, पन्नास बॉल मारतात आणि जाळी गोळा करायला लावतात?

शिकवत असतील तर मॅच न मिळताही थांब. नुसतं उभं करत असतील तर बॅग भर आणि ये. तुझ्या येण्याची मला लाज वाटणार नाही आणि कुणी गल्लीत काही विचारलं तर उत्तर मी देईन. आमच्या फाउंड्रीत कास्टिंग गरम असताना साचा फोडला तर तडा जातो, आणि भट्टीच पेटलेली नसेल तर साच्यापुढं कितीही वेळ बसून उपयोग नाही. तुझ्याकडे यातलं काय चाललंय ते इथं बसून मला कळत नाही. ते तूच डोळे उघडे ठेवून बघ.

त्याच वर्षी आपण गुरप्रीतला बघितलं होतं, आठवतं का तुला? ३ सप्टेंबर २०१६, अंधेरीचं स्टेडियम, भारत विरुद्ध प्युर्टो रिको. गणपती दोन दिवसांवर आलेले. आजी म्हणाली, घरात मखराचं काम सोडून बापलेक मुंबईला कसले जाताय. तरी महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेलो. मुंबईत राष्ट्रीय संघाची आंतरराष्ट्रीय मॅच १९५५ नंतर पहिल्यांदा होत होती, म्हणजे तुझ्या आजोबांच्या तरुणपणानंतर थेट तुझ्या लहानपणी. सुनील छेत्री संघात असतानाही त्या दिवशी कॅप्टनचा पट्टा गुरप्रीतच्या दंडावर होता. २४ वर्षांचा कॅप्टन. आणि सुरुवातीलाच पेनल्टी. प्युर्टो रिकोनं गोल केला.

तू तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षांचा. सगळं स्टेडियम गप्प झालं तेव्हा तू माझा हात घट्ट धरलास. मी मात्र त्याच्याकडेच बघत होतो. त्यानं जाळीतला बॉल काढला, सेंटरकडे फेकला, मग दोन्ही हातमोजे एकमेकांवर आपटले आणि डिफेन्सला हातानं पुढं सरकायची खूण केली. डोकं खाली घातलं नाही, कुणाकडे हात पसरले नाहीत. पुढं नारायण दास, छेत्री, जेजे आणि जॅकीचंद यांनी गोल केले आणि भारत ४-१ नं जिंकला. परतीच्या गाडीत तू मला विचारलंस की कीपर सगळ्यांना सूचना का करतो. मी म्हणालो, कारण अख्खं मैदान समोरून दिसणारा तो एकटाच असतो. त्यानंतर तू घरी आल्यावर गॅलरीच्या दोन खांबांमध्ये उभा राहायला लागलास. मी तुला कीपर हो म्हटलं नव्हतं. ते तुझं तू ठरवलंस, आणि चांगलं ठरवलंस असं मला आजही वाटतं.

फॉरवर्डला जाऊ का, असं तू म्हणतोयस. बाळा, उंची आणि हात ही तुझी जमेची बाजू आहे. पीटर थंगराज नावाचे आपले एक थोर कीपर होऊन गेले, हैदराबादचे. १९५३ मध्ये मद्रास रेजिमेंटच्या सेंटरला दाखल झाले तेव्हा ते सेंटर फॉरवर्ड होते. नंतर गोलमध्ये उभे राहिले आणि तिथून मेलबर्न आणि रोमची ऑलिंपिक खेळले. १९६२ मध्ये जकार्ताला एशियाडच्या फायनलमध्ये दक्षिण कोरियाला २-१ नं हरवून भारतानं सुवर्ण जिंकलं तेव्हा गोलमध्ये तेच होते. पुढून मागे आलेला माणूस तुला सापडेल. सतराव्या वर्षी गोलमधून पुढं जाऊन देशासाठी खेळलेला मला तरी कुणी आठवत नाही. आणि आपल्या शेजारीच बघ, गोव्यातल्या ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर. साळगावकर क्लबकडून वर्षानुवर्षं गोल राखला, भारताचे कॅप्टन झाले, १९९७ ला अर्जुन पुरस्कार आणि २०२२ ला पद्मश्री. एका जागेवर, एका कामावर आयुष्य लावलेली माणसं आहेत ही.

आता मला खरी काळजी कशाची वाटते ते सांगतो. बाकाची वाटत नाही. तुला जागा मिळेल तेव्हाची वाटते.

१० सप्टेंबर २०१९. पुन्हा दोहा. वर्ल्ड कप पात्रतेची मॅच, समोर कतार, त्याच वर्षी जपानला हरवून आशियाचा विजेता झालेला संघ. पाच दिवस आधी गुवाहाटीत ओमाननं शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल करून आपल्याला १-२ नं हरवलेलं. छेत्री आजारी. कॅप्टन गुरप्रीत. कतारनं २७ वेळा शॉट मारले आणि एकही आत गेला नाही. ०-० सुटलेली मॅच लोकांनी जिंकल्यासारखी साजरी केली. आठ वर्षांपूर्वी ज्या शहरात तो तिसरा कीपर म्हणून बाकावर बसला होता, तिथं अख्खा संघ त्याच्या अंगावर धावत आला. ती मॅच आपण रात्री जागून बघितली, तू सोफ्यावर उभा राहून डाइव्ह मारत होतास.

त्यानंतर ३५ दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, कोलकात्यात बांगलादेश. सॉल्ट लेक खचाखच भरलेलं, सगळे म्हणत होते ही मॅच तर खिशातच आहे. ४२ व्या मिनिटाला बांगलादेशची फ्री किक लांबून आली. गुरप्रीत लाइन सोडून बाहेर आला, हात वर गेले, पण बॉल त्याच्या आवाक्याच्या पलीकडे पडला. मागे सादउद्दीन उभा होता. मोकळ्या गोलमध्ये त्यानं हेडर मारला. ८८ व्या मिनिटाला आपल्या आदिल खाननं, गोव्याच्या पोरानं, बरोबरी केली म्हणून अब्रू वाचली.

तोच माणूस, तेच हात. दोहात देव म्हटलेल्याला पाच आठवड्यांत लोकांनी काय काय म्हटलं ते तू वाचलं आहेस. फॉरवर्ड चार संधी घालवतो आणि पाचवी आत टाकतो, लोक पाचवी लक्षात ठेवतात. कीपरनं चौदा अडवले आणि पंधरावा सुटला तर पंधराव्याचीच क्लिप फिरते. हे अन्यायाचं आहे असं मला मनापासून वाटतं, आणि हे बदलणारही नाही. ज्याला हे पेलवत नाही त्यानं ही जागा घेऊ नये. तुला पेलवेल असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस. दुसऱ्या फळीच्या मॅचमध्ये सोपा गोल खाल्ल्यावर पुढच्या कॉर्नरला तू लाइन सोडून बाहेर येतोस का? तिथं थिजत नसशील तर तुला पेलवतंय.

आणि बाहेर येणं सोडायचं नसतं, हे त्या बांगलादेशच्या गोलावरून शिक. त्याचं बाहेर यायचं ठरवणं चुकलं होतं का, याच्यावर मी बराच विचार केलाय. बॉक्समध्ये तरंगत आलेला बॉल कीपरचा असतो. अंदाज चुकला तो बॉल किती लांब पडतोय याचा. पुढच्या वेळेला भीतीनं लाइनवर चिकटून राहिलेला कीपर जास्त गोल खातो, फक्त ते त्याच्या नावावर लिहिले जात नाहीत. गुरप्रीत चिकटून राहिला नाही. त्याच सीझनला त्याला इंडियन सुपर लीगचा उत्कृष्ट कीपरचा पुरस्कार सलग दुसऱ्यांदा मिळाला. २०२३ च्या सॅफ चषकात, म्हणजे दक्षिण आशियाच्या स्पर्धेत, बंगळूरला आधी लेबनॉनविरुद्ध आणि मग कुवेतविरुद्ध फायनलला, दोन्ही वेळा पेनल्टीवर मॅच गेली. फायनलला पाच-पाच किकनंतरही बरोबरी, आणि सडन डेथला, म्हणजे एकेक किकच्या निर्णायक फेरीला, त्यानं कुवेतच्या कॅप्टनची किक अडवली. चषक आपला.

पुन्हा सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. जून २०२४, पुन्हा दोहा, पुन्हा कतार. छेत्री निवृत्त झालेला, कॅप्टन गुरप्रीत. छांगटेच्या गोलावर आपण पुढे होतो. ७३ व्या मिनिटाला त्यानं हेडर अडवला, बॉल सरळ लाइनबाहेर गेला, कतारच्या खेळाडूनं तो बाहेरून ओढून आत घेतला आणि गोल झाला. रेफ्रीनं तो मान्य केला. त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हती. आपण १-२ हरलो आणि बाहेर पडलो. तुझा कीपर हात वर करून उभा आहे आणि कुणी ऐकत नाही, ते दृश्य मला अजून सहन होत नाही. स्वतःचं काम चोख करूनही गोल नावावर लागतो, असाही दिवस या जागेवर येतो.

पाच महिन्यांनी हैदराबादला मलेशियाविरुद्ध तो बॉक्सबाहेर धावत आला, बॉल हुकला, मागे गोल रिकामा. मुंबईच्या राहुल भेकेनं बरोबरी केली. पण त्यानंतर मार्चमध्ये शिलाँगला गोलमध्ये विशाल कैथ उभा होता. दोहाचा नायक, तेहतीस वर्षांचा, इतक्या वर्षांनी पुन्हा बाजूला पडलेला. त्या वयात माणूस सहज म्हणू शकला असता की आता पुरे.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील नवे कोच झाले आणि संघ एका स्पर्धेसाठी ताजिकिस्तानला गेला. पहिल्याच मॅचला यजमानांविरुद्ध आपण २-१ नं पुढं असताना त्यांना पेनल्टी दिली गेली. गुरप्रीतनं ती अडवली. तिसऱ्या क्रमांकाच्या मॅचला ओमान, तोच ओमान ज्यानं गुवाहाटीत शेवटच्या मिनिटांत आपल्याला रडवलं होतं. १-१, मग पेनल्टी, आणि शेवटची किक त्याच्या हातावर. ३-२ नं जिंकलो. नंतर ऑक्टोबरमध्ये फातोर्ड्याला सिंगापूरकडून हरून आशियाई चषक हुकला, तेव्हाही गोलमध्ये तोच. चढ-उतार अजून चालूच आहेत.

या सगळ्यात मला एक गोष्ट दिसते. २०११ ला अठरा वर्षांचा असताना त्याला जागा नसताना तयार राहता येत होतं, म्हणून २०२५ ला तेहतिसाव्या वर्षीही येत होतं. सकाळी उठायचं, कोमट पाण्यात बोटं हलवायची, टेप लावायची, दुसऱ्या कीपरला शंभर बॉल मारायचे आणि आपल्या वाटणीचे शंभर खायचे. मॅच असो नसो. हे तो विशीच्या आत शिकला. तू आज जिथं आहेस तिथं हे शिकायची वेळ आहे, आणि ते शिकवायला जगात बाकाएवढी दुसरी जागा नाही. तुझ्या पुढचा जो एक नंबरचा मुलगा आहे त्याच्याशी बोलत जा. तो क्रॉसला कुठं उभा राहतो ते बघ. त्याला चांगला वॉर्मअप देणं हे तुझं काम आहे, आणि ते मनापासून कर. तुमच्यात स्पर्धा असू दे, अबोला नको.

आता शिक्षणाचं. आईचा जीव त्यात अडकलाय आणि तिचं बरोबर आहे. मी इथल्या कॉलेजात विचारून आलो. तू बारावीला बाहेरून बसू शकतोस, १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. दहावीचं मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला घरातल्या हिरव्या फाइलमध्ये आहे, बाकी कागदांचं मी बघतो. पण पुस्तकं तिथं उघडावी लागतील, रोज रात्री तासभर तरी. फुटबॉलवर पोट भरलं नाही तर रेल्वे आहे, पोलीस आहे, आर्मी आहे. खेळाच्या कोट्यातून आपल्या कोल्हापुरातली किती पोरं लागली आहेत ते तू बघतोसच. त्यातल्या बऱ्याच जागांना बारावी लागते. हे मी तुला मागे खेचायला सांगत नाही. पाय टेकायला जमीन असली की उडी लांब जाते.

पैशांची काळजी तू करायची नाही. परवा आईजवळ ते बोललास असं कळलं. ओव्हरटाइम मी तुझ्यासाठी करत नाही, काम आहे म्हणून करतो. फी भरलेली आहे, पुढचा हप्ताही बाजूला काढलेला आहे.

या आठवड्यात एवढं कर. कीपर कोचना प्रॅक्टिस संपल्यावर एकटं गाठ आणि विचार, "सर, मला पुढच्या तीन महिन्यांत नेमकं काय सुधारायचंय?" मॅच कधी देणार हे विचारू नकोस. त्यांनी नेमकं काही सांगितलं, डावीकडचं पडणं म्हणाले, क्रॉस म्हणाले, किक म्हणाले, तर ते वहीत लिही आणि थांब. त्यांना सांगताच आलं नाही, किंवा तुझ्याकडे न बघता "करत राहा" एवढंच म्हणाले, तर मला फोन कर. मग आपण दुसरीकडे बघू.

पार्सलनं हातमोज्यांची नवी जोडी पाठवली आहे. नऊ नंबरची, कारण मागच्या वेळी आठ नंबरची अंगठ्याला आवळत होती. नवी मॅचला ठेव, जुनी प्रॅक्टिसला वापर. धुताना साबण लावू नको, कोमट पाण्यात दाबून मळ काढ आणि सावलीत वाळव, उन्हात टाकलीस तर पंज्याचा लॅटेक्स तडकतो. सोबत आजीनं चटणीची बरणी दिली आहे, ती खोलीतल्या सगळ्यांना पुरेल एवढी आहे. पार्सल मिळालं की कळव, आणि कोच काय म्हणाले तेही त्याच फोनला सांग.

तुझे,
बाबा